लाल गाडी आणि पोराची चौकशी

आमच्या पोराचं लग्न मोडता मोडता राहिलं ते माझ्यामुळे, आणि जमलं तेही माझ्यामुळेच, असं मी म्हणतो. पहिल्या वाक्याबद्दल घरात एकमत आहे. दुसऱ्याबद्दल माझ्याखेरीज कोणी बोलत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. मी तेहतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. लहान दातेरी चाकाने मोठं चाक फिरवलं की जोर वाढतो आणि वेग कमी होतो, हे मी फळ्यावर खडूने इतक्या वेळा काढलंय की आजही झोपेतून उठवलं तर काढून दाखवीन. आता पुढे वाचा.

गाडी घ्यायचं ठरलं ते पोरासाठी. म्हणजे पोराने चालवायला नव्हे. पोरगा नागपूरच्या मिहानमध्ये एका कंपनीत आहे. कंपनीची बस मनीषनगरात आमच्या घराजवळच्या चौकात येते, तो तिच्यात खिडकीशी बसतो आणि बस वळायच्या आत झोपतो. त्याला गाडी चालवता येते असं त्याच्या लायसन्सवर लिहिलेलं आहे, त्याहून जास्त पुरावा नाही. पण पोरगा एकोणतीसचा झाला होता. स्थळं येऊन राहिली होती. आणि पोरगी पाहायला ऑटोतून उतरायचं, मग मीटर कुठे, भाडं किती यावरून लोकांच्या दारात वाद घालायचा, हे बायकोला नको होतं. वाद मीच घालायचो, म्हणून जास्त नको होतं.

"छोटी पाहा. साधी पाहा. पांढरी पाहा," ती म्हणाली. "अन् गिअरची भानगड नसलेली पाहा. तुमच्याच्यानं क्लच अन् बोलणं दोन्ही एका वेळी होत नाही."

एवढं चार शब्दांचं काम होतं. आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. साधी पांढरी ऑटोमॅटिक होती, पण तिच्यासाठी थांबावं लागणार होतं. बायको मागच्या अंगणात ठेवलेल्या पांढऱ्या गाडीची डिकी किती मोठी ते पाहायला गेली, आणि तेवढ्या पाच-सात मिनिटांत मी लाल गाडी घेऊन टाकली.

का, ते मला आजही सांगता येत नाही. गाडी तीच होती, ऑटोमॅटिकच, त्याच कंपनीची, त्याच नावाची, पण तिची जरा चावट बहीण असावी तशी. लाल अंग, काळं छप्पर, दारांवर खालून एक पट्टा, आत काळ्या सीटांना लाल शिवण, मागे दोन सायलेन्सर आणि काचेच्या वर एक पंख. ती लगेच मिळणार होती, कोणीतरी बुकिंग रद्द केलं होतं. विकणारा मुलगा मला म्हणाला, "सर, ही तुमच्या पर्सनॅलिटीला शोभते." तेहतीस वर्षांत माझ्या आवाजाबद्दल लोक बोलले, अक्षराबद्दल बोलले, शर्टाच्या खिशातल्या शाईच्या डागाबद्दल तर फार बोलले. पर्सनॅलिटीबद्दल हा पहिला माणूस. मी सही केली.

बायको परत आली. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत गाडीकडे पाहिलं.

"हा मागचा पंख कायले आहे?"

"हवेचा दाब," मी म्हणालो. "वेगात गाडी उचलली जाऊ नये म्हणून."

"कोणाच्या वेगात?"

मी पेन खिशाला लावला.

गाडी घ्यायच्या दिवशी त्यांनी चाकांखाली ठेवायला चार लिंबं आणली होती. बायको म्हणाली, आमच्याकडे लिंबू सरबतात जातं, आणि चारही उचलून पर्समध्ये टाकली. आम्ही गाडी थेट दीक्षाभूमीवर नेली, बाहेर लावली, आत जाऊन वंदन करून आलो. परत येतो तर तिच्याभोवती कॉलेजातली चार पोरं उभी. एक म्हणाला, "काका, तुमच्या मुलाची आहे का?" मी म्हणालो, माझी आहे. तो म्हणाला, "हो, पण चालवते कोण?" तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

आता चालवण्याचं. विकणाऱ्या मुलाने गाडी देताना जे शिकवलं ते इतक्या घाईत की मी आपला पोरांसारखा मान हलवत राहिलो. तेहतीस वर्षं ज्या माना माझ्यासमोर हलल्या त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं: ब्रेक दाबायचा, दोन सीटांमधला दांडा खाली ओढायचा, आणि मग बाजूला सारायचा. खाली ओढून बाजूला सारला की तो खटकन बसायचा. मला ते बरोबर वाटलं. आपण दार लावतो, मग कडी घालतो. नुसतं दार लोटून कोणी निघतं का? मी सवयीचा माणूस, रोज दांडा ओढला की कडी घालत गेलो. ती कडी कशाची आहे हे तो मुलगा बहुतेक म्हणाला असेल. मी त्या वेळी स्वतःच्या पर्सनॅलिटीचा विचार करत होतो.

गाडी निघाली की गुरगुरायची. वीसच्या वर गेली की डरकाळी. तीसच्या पुढे गेली की आमच्या गल्लीतली कुत्री आपापल्या फाटकात जायची. माझ्यासमोर दोन गोल होते. एकात वेग, दुसऱ्यात एक काटा, जो सारखा लाल पट्ट्याकडे पळायचा. मी म्हटलं, स्पोर्टी आहे, हिचा पारा चढलेलाच असणार. चाळीसच्या आसपास ती एक जोराचा झटका द्यायची. म्हणून मी चाळीसला जातच नव्हतो. पस्तीस बस झाले. पेट्रोल भयंकर प्यायची. पंपावरचा माणूस मला लांबूनच हात करायला लागला.

आणि त्या दोन गोलांच्या मधे, छोट्या पडद्यावर, एक आकडा दिसायचा. "१".

पहिले काही दिवस मी एकटाच चालवायचो. एक माणूस, एक आकडा. मला वाटलं, आजकालच्या गाड्या आहेत, आत किती जण बसलेत ते मोजत असतील, पट्टा लावला नाही तर कोकलतात ना. मग बायको शेजारी बसली. आकडा एकच. मी सीटवर दोनदा थोपटून पाहिलं.

"का झालं?"

"गाडी तुले मोजून नाही राहिली."

"म्हणजे घरात मोजता काय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली.

एकदा बेसा रोडवर मी एकटाच होतो. उतार लागला, पाय जरा जास्त पडला, गाडीने तो झटका दिला आणि पडद्यावर "२" आला. मी आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तरी मी गाडी बाजूला घेऊन मान वळवून मागची सीट नीट पाहिली, एक पिशवी होती ती उचलून पाहिली. निघालो तर परत "१". भूतबाधा आम्ही मानत नाही. मी म्हटलं, सेन्सर बिघडलाय, पहिल्या सर्व्हिसिंगला सांगू.

तर अशी ती गाडी घेऊन आम्ही बेसाला पोरगी पाहायला गेलो. मी, बायको, पोरगा. पोरीचे वडील डाक खात्यातून निवृत्त, शांत माणूस. आई बोलकी. पोरगी बुटीबोरीला एका औषधाच्या कारखान्यात, रोज स्वतः गाडी चालवत जाते-येते. त्यांच्या पोर्चमध्ये तिची गाडी उभी होती. छोटी, साधी, पांढरी. आमच्यासारखीच, फक्त शहाणी. बायकोने त्या गाडीकडे जे पाहिलं ते सून म्हणून आधी तिलाच पसंत केल्यासारखं पाहिलं.

आलूबोंडे झाले, चहा झाला, दोघं गच्चीवर बोलून आले. परत येताना पोरगा मागे बसला होता आणि जागा होता. नुसता जागा नव्हे, बोटांनी सीटवर ताल धरून होता. बायकोने मला कोपराने ढोसलं. गाडीत बसून न झोपलेला पोरगा आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

तीन आठवडे दोघांचं फोनवर चालू होतं. पोरगा शर्टाला इस्त्री करायला लागला. मग एका संध्याकाळी मध्यस्थांचा निरोप आला: सध्या जरा थांबू.

थांबू म्हणजे काय, किती, कशासाठी, काही नाही. मी पोरीच्या वडिलांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. परत लावला, आईने उचलला आणि ते अंघोळीला गेलेत म्हणाली. संध्याकाळी लावला तरी अंघोळच चालू होती.

पोरगा रोजच्यासारखा बसने जात होता. पण कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरने एकदा मला चौकात गाठून विचारलं, "सर, पोराची तब्येत बरी आहे ना? आजकाल जागाच राह्यते."  दहावीचा निकाल होता त्या दिवशीही हा पोरगा दुपारी झोपला होता.

शेवटी बायकोने त्याला विचारलंच. तो ताटाकडे पाहत म्हणाला, "तिच्या घरचे म्हणून राहिले का माझ्या सवयी बरोबर नाही. कोणी तरी चौकशी केली म्हणे. तिले पण नीट सांगून नाही राहिले."

"कोणत्या सवयी?"

"मले का माहीत, आई."

आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडे पाहत राहिलो. सवयी? याला? हा पोरगा आंघोळीचं पाणी काढून विसरतो, एवढीच सवय आम्हाला माहीत. रात्री बायकोने त्याच्या पँटचे खिसे पाहिले, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सापडते का म्हणून. इस्त्रीची पावती सापडली.

आमच्याकडे स्थळाची चौकशी कुठे होते, हे नागपुरात कोणाला सांगायला नको. नातेवाईक गोडच बोलतात, शेजारी जपून बोलतात, म्हणून पोरीकडचा कोणी तरी काका-मामा पोराच्या चौकातल्या पानठेल्यावर जाऊन उभा राहतो, खर्रा घोटायला सांगतो आणि घोटून होईपर्यंत विचारतो. मीही माझ्या भाचीच्या वेळी असाच सदरला एका ठेल्यावर उभा राहिलो होतो, आणि न खाणारा माणूस असून दोन खर्रे विकत घेतले होते. तर मी आमच्या चौकातल्या ठेल्यावर गेलो. ठेलेवाला माझा जुना विद्यार्थी. भौतिकशास्त्रात तो तीनदा बसला होता, तरी मला मानतो.

"आले होते सर," तो म्हणाला. "स्कूटरनं आले होते. पोरीचे मामा. मले वाटलं तुमाले माहीत असन."

"मग तू काय सांगितलं?"

"चांगलंच सांगितलं सर, आईशप्पथ. म्हटलं, पोरगा सकाळी बसनं जाते, संध्याकाळी बसनं येते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मामा एकदम खूश. अन् तेवढ्यात तुमची गाडी निघाली."

मी चौकाकडे पाहिलं.

"आवाज असा का मामाच्या हातचा खर्रा सांडला. मले म्हणे, हे कोण? म्या म्हटलं, त्याच घरची आहे. म्हणे, चालवून कोण राहिलं? आता सर, राग नका मानू, पण तुम्ही त्या सीटमंदी बसले का बाहेरून दिसत नाही. सीटच चालवते असं वाटते. म्या म्हटलं, दिसलं नाही बा. तर मामा स्वतःच म्हणे, पोरगाच असन, अशी गाडी म्हातारा माणूस कायले चालवते. बसनं जाते म्हणे अन् संध्याकाळी हे धंदे करते."

"मग तू सांगायचं ना, की सर चालवतात."

"सर," तो खर्र्याच्या प्लास्टिकवर हात फिरवत म्हणाला, "तुमच्या तोंडावर सांगतो, मले पण पोरगाच वाटत होता."

मला ती संध्याकाळ आठवली. मी भाजी आणायला निघालो होतो. ठेल्यापाशी स्कूटरवाला एक गृहस्थ दचकून मागे सरला होता, आणि मी सभ्यपणे दोनदा हॉर्न वाजवला होता. नमस्कार म्हणून.

घरी येऊन सांगितलं. पोरगा काही न बोलता उठून गॅलरीत गेला. ते मला जास्त लागलं. ओरडला असता तर मी उलटून काही तरी म्हणालो असतो. बायको म्हणाली, "उद्या रविवार आहे. जा अन् खरं काय ते सांगून या. जेवढं खरं आहे तेवढंच सांगा. त्याच्यावर काही लावू नका."

"मी कायले लावू?"

"मी तुमाले आजपासून नाही ओळखत."

रविवारी सकाळी मी बेसाला गेलो. बुद्धी अशी की त्याच गाडीने गेलो. बेल वाजवावी लागली नाही. वडील बाहेरच आले होते, त्यांच्यामागे आई, आणि आईच्या मागे तो स्कूटरवाला गृहस्थ, म्हणजे मामा. मला पाहून मामा गाडीकडे पाहायला लागला. अजून कोणी उतरतं का, याची वाट पाहत होता.

जय भीम झालं, पाणी आलं. मी वाक्य घरून पाठ करून आणलं होतं. "तुमच्या मेव्हण्यांनी त्या दिवशी जी गाडी पाहिली," मी वडिलांना म्हणालो, "ती माझा मुलगा चालवत नव्हता. मी चालवत होतो."

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण खोलीत चार माणसं माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, ज्या नजरेने मला आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पोरगी दारात उभी होती, तिच्या भुवया वर गेल्या होत्या. आणि मी म्हणालो, "मला जरा वेगाची आवड आहे."

हे वाक्य कुठून आलं, देवाशपथ म्हणायची सोय नाही, पण मला माहीत नाही. माझ्या जुन्या स्कूटरला सायकलवाले ओलांडून जायचे.

पोरीच्या आईने पदर सावरला. "म्हणजे पोरगा नाही," ती नवऱ्याला म्हणाली, "सासरा."

वडिलांनी माझा रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला.

"पोरगा तरी लग्नानंतर सुधरते," ती म्हणाली. "सासऱ्याले कोण सुधरवन, सांगा बरं."

 पोराचा मोकळा झालेला रस्ता मी माझ्याच अंगाने अडवून बसलो होतो. मी घाईघाईने म्हणालो, "नाही, म्हणजे तसा वेग नाही. पस्तीस. पस्तीसच्या वर मी कधी गेलोच नाही."

"पस्तीस?" मामा पहिल्यांदा बोलला. "भाऊ, मी पानठेल्यावर उभा होतो. ते पस्तीस नव्हतं. आवाज कळते ना माणसाले."

"आवाज तसा आहे, पण पस्तीसच."

"आत्ता तं म्हणून राहिले होते आवड आहे."

"आवड आहे, पण पस्तीसची."

आता मी त्यांच्या लेखी सुसाट तर होतोच, वर खोटारडाही झालो होतो. वडील चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते, माणूस जसा पाहुण्याने उठावं म्हणून पाहतो तसे. मला माझा पोरगा बसच्या खिडकीशी टक्क जागा बसलेला दिसत होता आणि तोंडातून एक धड वाक्य निघत नव्हतं.

"काका," दारातून पोरगी म्हणाली, "एक चक्कर मारून येऊ या का? तुम्ही चालवा. मी बाजूले बसते."

"कायले वं," आई म्हणाली.

"पाहू तं दे. बाबा, मामा, तुम्ही मागे बसा."

मामा पट्टा लावूनच बसला. वडिलांनी आधी पट्टा शोधला, मग दाराचं हँडल धरलं. मी ब्रेक दाबला, दांडा खाली ओढला, कडी घातली. पोरगी माझ्या हाताकडे पाहत होती. गाडी निघाली. गुरगुर झाली, डरकाळी झाली, शेजारच्या फाटकावरचं कबुतर उडालं.

"हाच," मागून मामा म्हणाला. "हाच आवाज होता."

पोरीने वाकून वेगाचा काटा पाहिला. बत्तीस. मग दुसरा काटा पाहिला, तो लाल पट्ट्याच्या वाटेवर होता. मग पडद्याकडे पाहिलं.

"काका, हा एक कशाचा आहे?"

"माणसांचा."

"म्हणजे?"

"आत किती जण बसले ते. पण सेन्सर बिघडला आहे. आता आपण चौघं आहोत तरी एकच दाखवून राहिला. माझ्या मिसेसला तर त्याने कधी मोजलंच नाही."

तिने परत एकदा पडद्याकडे पाहिलं. मग फार हळू आवाजात तिने विचारलं, "काका, तुम्ही शाळेत काय शिकवत होते?"

"भौतिकशास्त्र."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं तिला गाडी लागली. खांदे हलत होते. मी म्हणालो, थांबवू का. ती मान हलवून हो म्हणाली, मी गाडी बाजूला घेतली. तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, हात पुढे केला आणि तो दांडा कडीतून बाहेर काढून सरळ केला.

"आता चला. याले खालीच राहू द्या, बाजूले नका सारू. बाजूले सारला का गिअर आपल्या हातानं बदलावा लागते."

मी पाय दिला. गाडी बंद पडली. म्हणजे मला तसं वाटलं, कारण आवाजच नव्हता. मी तसं म्हणालोही. "बंद नाही पडली काका," ती म्हणाली, "बाहेर पाहा." बाहेर घरं मागे चालली होती. पडद्यावर दोन आला. मग तीन आला. कुठे झटका नाही, कुठे काही नाही. मग चार आला, आणि आम्ही चौघंच होतो. एक क्षण मला वाटलं सेन्सर दुरुस्त झाला. मग पाच आला आणि मी सवयीने आरशात पाहिलं.

आरशात मामा होता. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला हळूहळू कळत होतं असं दिसत होतं.

"म्हणजे तुम्ही," तो म्हणाला, "इतके दिवस पहिल्याच गिअरमध्ये?"

फळ्यावरची दोन चाकं माझ्या डोळ्यांसमोर आली. एक लहान, एक मोठं. लहान बिचारं गरगरा फिरतंय, ओरडतंय, आणि मोठं आपलं हलतंय जरासं. मी ते चित्र शेकडो पोरांना काढून दाखवलं होतं. मी म्हणालो, "हो."

कोणी हसलं नाही. मग वडील हसायला लागले. इतका शांत माणूस, पण हसताना त्यांचा आवाज आमच्या गाडीसारखा होता.

घरी परत आलो तेव्हा आईला सगळं कळायला वेळ लागला, कारण तिघंही एकदम सांगत होते आणि मी गप्प होतो. शेवटी तिने मला विचारलं, "म्हणजे तुमाले वेगाची आवड नाही?"

"नाही."

"मग म्हटलं काहून?"

"मला माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही. गाडी का घेतली तेही माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भावाकडे वळून म्हणाली, "या माणसाले धड बढाईसुद्धा मारता येत नाही. याच्या पोरात का खोट असन?" मी ही दाद समजून नमस्कार केला. वडील म्हणाले, पुढच्या रविवारी मुलाला घेऊन या, जेवायलाच या. पोरगी मला सोडायला गाडीपर्यंत आली. दांडा सरळ आहे का पाहिलं आणि म्हणाली, "त्यांना यातलं मी सांगू का, तुम्ही सांगता?"

"तूच सांग," मी म्हणालो. "मी सांगितलं की त्यात काही तरी वाढतं."

सोमवारी संध्याकाळी बस चौकात थांबली आणि उतरला कोणी नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मग मी आत चढून पोराला हलवून उठवलं.

महिन्याभराने लग्न ठरल्याचे पेढे घेऊन मी ठेल्यावर गेलो. गाडी शेजारी लावली. ठेलेवाल्याला ती आल्याचं कळलंही नाही, मी समोर उभा राहिलो तेव्हा दचकला.

"अभिनंदन सर," पेढा तोंडात टाकत तो म्हणाला. "एक सांगू का? लग्न ठरलं अन् पोरगा सुधरला. महिना झाला, गाडीचा आवाज नाही. अख्ख्या चौकात बोलून राहिले लोक."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पहिला गिअर, कडी, पडद्यावरचा आकडा. समजावं म्हणून त्याच्या चुन्याच्या डबीतला चुना बोटावर घेऊन पाटीवर दोन चाकं काढून दाखवली, एक लहान, एक मोठं. त्याने तसंच पाहिलं, जसं तो शाळेत पाहायचा. मान हलवली.

"जाऊ द्या ना सर," तो म्हणाला. "झालं गेलं. आता कायले पोराले वाचवून राहिले?"